शिवेखालचा कोळसा

माझ्याच निबंधाच्या कागदावर मला प्रसाद दिला. बाकीच्या पोरांना हातावर. मला कागदावर, तोही वरून सोडून, हात हाताला लागणार नाही इतक्या उंचीवरून.

मी सातवीत होते. एकोणीसशे त्र्याण्णव असेल, नाहीतर चौऱ्याण्णव. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. देवळाचा जीर्णोद्धार काढला होता, त्यासाठी स्मरणिका छापायची होती, म्हणून गुरुजींनी वर्गाला 'आपल्या गावाचा इतिहास' लिहून आणायला सांगितला. माझा निबंध त्यांना आवडला. सभेत येऊन वाच म्हणाले. भोळा माणूस. मी धुतलेला फ्रॉक घालून गेले आणि देवळाच्या पायरीखाली उभी राहिले. आम्ही कुठे उभं राहायचं, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मी वाचलं. आमच्या पणज्याच्या पणज्याने या गावाची शीव आखली. माळावर तीन दगड पुरले. मग बाकीची घरं आली. आम्ही पहिले.

तिथंच तात्यांनी हात वर केला. तात्या म्हणजे गावचे पाटील. त्यांच्या घराला अजून धन्याचं घर म्हणतात. ते ओरडले नाहीत. गुरुजींकरवी माझा कागद मागवला, दोन बोटांत धरला, वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, आसऱ्याला आलेल्यांनी धन्याला घर दाखवू नये."

सगळे हसले. गुरुजीही हसले. तात्यांचं हसणं मी विसरले असते, गुरुजींचं विसरता येत नाही. मग तात्यांनी खोबरं-साखर त्या कागदावर ठेवली आणि कागद माझ्या ओंजळीत वरून सोडला.

मी ती खाल्ली. हे सांगायला मला बारा वर्षं लागली, आणि नवऱ्यालासुद्धा मी हे लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी सांगितलं. फेकून द्यायची होती. खाल्ली. गोड लागली, त्याचीच जास्त लाज वाटते.

घरी आजा ओट्यावर बसला होता. बाबासाहेबांच्या मागोमाग धर्म घेतला तेव्हा आज्याने घरातले देव ओहळात सोडले होते, आणि गावकीची कामंही त्याच दिवशी सोडली. मेलेलं ढोर ओढणं बंद. सांगावा घेऊन धावणं बंद. त्याने माझ्या हातातला कागद बघितला. कागदाला साखर चिकटली होती.

"खाल्लास गो?"

"हां."

त्याने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला माळावर घेऊन गेला. आमची वस्ती माळाच्या कडेला, बावीस घरं. वस्तीच्या मागे आमचं मसण. त्याच्याही पलीकडे, करवंदीच्या जाळीत, पहिला दगड. दुसरा मधोमध, लांब आणि सपाट. तिसरा ओहळाच्या तोंडाशी. मधल्या दगडाच्या बुडाशी आजा गुडघ्यावर बसला आणि खुरप्याने उकरायला लागला. हातभर खोल गेल्यावर काळी माती लागली. त्याने चिमूट काढून माझ्या तळहातावर ठेवली. कोळसा होता.

"धोंडा मानूस हलवतो," आजा म्हणाला. "कोळसा कुजत नाय. त्याला वाळवी लागत नाय. चोरायला कुनी येत नाय. आपल्या मानसानं धोंड्याखाली पुरलेला हाय तो."

मग त्याने जुनी रीत सांगितली. दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की आमच्या घरचा माणूस डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर त्याचा वंश बुडतो अशी समजूत, म्हणून दोन्ही गावं त्याचं पाऊल मानायची. जमीन त्यांची, वंश आमचा पणाला. आणि शीव दाखवून झाली की तोच माणूस देवळाच्या पायरीखाली उभा.

आज्याने खड्डा बुजवला, वर पाय दाबला. "गावकी मी सोडली ती सोडली. हे गावासाठी दाखवलं नाय, बाय. तुझ्यासाठी दाखवलं."

पुढच्या वर्षी स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, तात्यांचा फोटो. आत छापलं होतं की गाव सहा घराण्यांनी वसवलं, पुढे काही लोक आसऱ्यास आले, आणि धन्याने दयाबुद्धीने त्यांना माळावर राहू दिलं. आमचं नावही नाही. काही लोक.

त्याच उन्हाळ्यात देवळाच्या खालच्या पायरीला लांब सपाट दगड पाहिजे होता. कुणाला तरी माळावरचा म्हारधोंडा आठवला. त्याला ते तेच म्हणत. बैलगाडी आली, पहारी आल्या, आणि गावाने आपल्या शिवेचा मधला दगड स्वतःच्या हाताने उपटून नेला. मी आज्याला म्हटलं, सांग ना त्यांना. आजा हसला. तो क्वचित हसायचा.

"नेऊ दे."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. आमचा दगड देवळाला चालला. आम्ही अजून खालीच.

पुढे पहिला दगड रस्ता रुंद करताना गेला. ओहळाच्या तोंडाचा एका पुरात. आजाही गेला. त्याला माळावरच जाळला.

मी बारावी झाले, टायपिंग शिकले आणि मस्जिद बंदरला एका माल पाठवणाऱ्या ऑफिसात लागले. आसनगावहून लोकलने रोज जायचं. लग्न झालं, कल्याणला खोली जमेना म्हणून नवरा आणि मी माझ्या माहेरीच राहिलो. ऑफिसात आफ्रिकेतले व्यापारी यायचे. कापडाचे गठ्ठे बांधून न्यायचे. त्यांतल्या एकाचं नाव आदेवाले. नायजेरियाचा, पण विचारलं की देशाचं नाव नंतर सांगायचा. आधी जमात सांगायचा, मैं योरूबा.

त्याच्याशी माझं जमलं, कारण त्याला या शहरात कुणी घर देत नव्हतं. टॅक्सीवाले थांबत नव्हते. आमचा शिपाई त्याच्या तोंडावर हसायचा आणि त्याची खुर्ची तो गेल्यावर पुसायचा. ते पुसणं मला ओळखीचं होतं. मी त्याला माझ्या कपातून चहा दिला. तो मला सिस्टर म्हणायला लागला.

गठ्ठ्यांच्या याद्या टाइप होईपर्यंत तो बोलायचा. त्याच्या घराण्याची स्तुती आई त्याला लहानपणी सकाळी उठवताना म्हणून दाखवायची. त्याला ओरिकी म्हणतात. कोणता पणजा काय करून गेला, सगळं त्यात. सुरुवातीला सगळीकडे पाणीच होतं म्हणे, वरून देवाने साखळी सोडली, माती आणि कोंबडी पाठवली, कोंबडीने माती उकरून पसरली आणि जमीन झाली. ती जागा म्हणजे त्याचं गाव. शेकडो वर्षांपूर्वी त्याच्या लोकांना पकडून समुद्रापार विकलं. ब्राझीलला, क्युबाला. ते तिथं अजून त्याच देवांना त्याच नावांनी हाक मारतात. हे सांगताना तो रडला. धिप्पाड माणूस, पण डोळे पुसायला त्याला लाज वाटली नाही.

मला वाटलं, सापडला. आपलं दुखणं कळणारा सापडला. मी त्याला सगळं सांगितलं. निबंध, कागद, खोबरं-साखर. आसऱ्याला आलेले, हे त्याला कसं सांगावं कळेना, म्हणून तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने मान हलवली. आणि मग म्हणाला,

"हमारे गाव में भी ऐसा लोग है, सिस्टर. लड़ाई से भाग के आया था. हमने जगह दिया. अभी बोलता है जमीन हमारा."

मी विचारलं, कधी आले? दीडशे वर्षं झाली, म्हणाला. तेही योरूबाच का? हो, योरूबाच, पण बाहेरचे. जंगल कुणी तोडलं, शेतं कुणी केली? त्यांनीच. पण जमीन आमची, म्हणून ते आम्हाला खंड द्यायचे, आता द्यायला नको म्हणतात, त्यावरून माणसं मेली, घरं जळली. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला एक मिनिट कळलंच नाही मी काय ऐकलं.

तात्या बोलत होते. मस्जिद बंदरला, हिंदीत, काळ्या तोंडाने. समुद्रापार विकलेल्यांसाठी रडणारा माणूस, आणि शेजारच्या आळीत दीडशे वर्षं राबलेला त्याला अजून आसऱ्याला आलेला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, की मी त्याला माझी खोबरं-साखर का सांगितली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

पण त्या संध्याकाळी आसनगावहून घरी चालत जाताना दुसरंच डोक्यात आलं, आणि ते जाईना. माळाच्या खाली कातकऱ्यांची वाडी आहे. आमच्या घरी लाकडाची मोळी घेऊन त्यांची म्हातारी यायची. आई तिला पाणी द्यायची. वरून, ओंजळीत. मी कितीदा बघितलं होतं. आणि निबंधात मी काय लिहिलं? आम्ही पहिले. आमचा दगड पुरताना ती माणसं त्या जंगलात नव्हती काय? त्यांचा कोळसा कुणी उकरून बघितला? मी घरी गेले आणि आईशी भांडले. आई म्हणाली, तुला शहराचं वारं लागलं. पण म्हातारी पुढच्या खेपेला आली तेव्हा मी तिला आमचा तांब्या दिला. ती घ्यायला तयार होईना. हातात कोंबावा लागला.

दोन हजार सालानंतर माळाला भाव आला. मुंबईवाल्यांचे बंगले होणार होते. माळ तात्यांच्या घराच्या नावावर, पण पलीकडच्या गावचे म्हणाले अर्धा आमच्या हद्दीत येतो. मोजणीचा नकाशा काढला तर जिथं शीव तिथंच घडी, आणि घडीवर कागद फाटून भोक. जमिनीवर खूण पाहिजे. खूण देवळाच्या पायरीत, आणि ती नेमकी कुठून उपटली यावर दोघांचं जमेना. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गावांचं एकमत होतं, की वस्ती उठवायची. कागद काय, तर ती स्मरणिका. दयाबुद्धीने राहू दिलं. छापलेलं आहे. आमची बावीस घरं, आमचं मसण, आज्याची राख, सगळं एका छापलेल्या ओळीवर उठणार होतं.

तेव्हा तात्यांचा मुलगा आमच्या घरी आला. माझ्याच वर्गातला. त्या दिवशी त्याला प्रसाद हातावर मिळाला होता. आयुष्यभर मला 'ए' म्हणणारा आज ताई म्हणाला. आमच्या खाटेवर बसला. आमचा चहा प्याला, कप खाली ठेवताना जरा अडखळला, एवढंच.

"ताई, आज्यानं तुला जागा दाखवलेली हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

"हाय दाखवलेली."

"मग मोजणीचे साहेब येतील त्या दिवशी दाव. एक दिस चालायचं काय ते. वस्तीला समाजमंदिर बांधून देतो."

"डोक्यावर ढेकूळ पन देशील?"

तो हसला. मी हसले नाही. मी सांगितलं, आधी लिहून द्या. पहिल्या ओळीत, तुमच्या आणि तात्यांच्या सहीने, की वस्ती कुणाच्या दयेने बसलेली नाही. तिची जागा तिची. खालच्या कातकरीवाडीचंही तसंच लिहा. आणि पायरीतला धोंडा काढा. तो आमी वाहणार नाय. तुमी वाहून आना.

"देवळाची पायरी काढायची? डोकं फिरलंय काय तुझं?"

"मग नका काढू. चढत राव्हा."

त्याचा चहा अर्धाच राहिला.

मोजणीच्या दिवशी दोन्ही गावं माळावर जमली. तात्या काठी टेकत आले होते, म्हातारे झालेले. मोजणीवाल्या साहेबांनी मला विचारलं, खूण माहीत आहे का? आहे, म्हटलं. जबाब लिहा, मी सांगते त्याच शब्दांत. मी वस्तीची ओळ सांगितली, वाडीची सांगितली. साहेबांनी पेन थांबवलं. म्हणाले, बाई, हे यात बसत नाही, फक्त खूण दाखवा.

तात्या पुढे आले. दोन्ही गावांसमोर, पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "दाव ना गो. गावची लेक ना तू?"

"आसऱ्याला आलेल्यांनी धन्याला घर दाखवू नये," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मी तिथून हललेही नाही. ऊन डोक्यावर आलं, साहेबांनी साखळी गुंडाळली, आणि लोक पांगले. तेव्हापासून माळ अडलेला आहे. बंगले झाले नाहीत. वस्तीही उठली नाही. गावाने आम्हाला दुकानातून सामान देणं बंद केलं, आम्ही सापगावहून आणतो. समजवायला माणसं येतात. धमकी द्यायलाही येतात. दोघांना चहा एकाच भांड्यातला मिळतो.

मी शीव चालणार नाही. लिहाल तेव्हा बोट दाखवीन, आणि लिहिणार नसाल तर त्या कोळशाची जागा माझ्याबरोबरच त्या माळावर जळेल. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती अजून लहान आहे, म्हणून जागा दाखवली नाही. पण कुणी कागदावर काही वरून सोडलं तर ओंजळ कशी मागे घ्यायची, ते शिकवून ठेवलंय.