ताईचा नमुना

मी शिकवायचे त्या वर्गात तिला सगळे मुंगी म्हणत. चण बोटभर, पण हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय सोडायची नाही. पुढे नोकरी मिळाली तीही मुंगीला साजेशी. आपल्या शरीरात सतत बारीकसारीक रसायनं तयार होत असतात. कोणत्या कर्करोगात त्यातलं कोणतं वाढतं, कोणतं घटतं, यावर जगभर संशोधन चालतं. ते वाचायचं, पारखायचं आणि संगणकावरच्या एका मोठ्या संग्रहात नोंदवायचं, हे तिचं काम. पारखल्याशिवाय ती एक कणही आत घेत नसे.

आईच्या माघारी तिला ताईनं वाढवलं. ताई शिवणकाम करायची. तोंडानं फटकळ. "दिवसभर परक्यांचं रक्त चिवडतेस, घरची भांडी कोण घासणार?" असं म्हणायची आणि स्वतःच घासून ठेवायची.

त्याच ताईला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. उपचारांआधी डॉक्टरांनी संशोधनासाठी थोडं रक्त मागितलं, तेव्हा ती खुलली.

"म्हणजे मी तुझ्या त्या संग्रहात येणार?"

"आकडा होऊन येशील. नाव नसतं तिथं."

"नसू दे. मी गेल्यावर तुझ्याजवळ राहायची सोय तरी झाली."

रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. परिचारिकेनं विचारलं, ताईनं मान डोलावली. परतताना मात्र हळूच म्हणाली, "सकाळी कपभर चहा घेतला गं. साखर घालून. हातपाय थरथरत होते."

मुंगी जागीच थांबली. चहा-साखरेनं रक्तातली रसायनं बदलतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"चल, परत जाऊन सांगू."

"सांगितलंस तर फेकून देतील. उद्या औषधं सुरू झाली की माझं रक्त कोण घेतंय? एवढं एक ऐक माझं."

तेव्हा मुंगीच्यानं सांगवलं नाही.

ताई गेली. पुढे केव्हातरी त्याच रुग्णालयाचं संशोधन नोंदीसाठी मुंगीच्याच टेबलावर आलं. वर स्वच्छ लिहिलेलं: सर्व नमुने उपाशीपोटी घेतले. ती गप्प राहिली असती, तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. नोंद काही दिवस तशीच पडून राहिली. मग तिनं रुग्णालयात फोन करून चहाचं सांगितलं.

"कपभर चहानं काय आभाळ कोसळतंय?" डॉक्टर म्हणाले.

"कोसळत नाही. पण उद्या कुणीतरी याच नोंदीच्या भरवशावर पुढचं काम करेल."

"पण नमुना कुणाचा?"

"माझ्या ताईचा."

पलीकडचा आवाज मऊ झाला. "राहू द्या ना मग."

"नको. काढा."

त्यांनी काढला. सगळं पुन्हा तपासून पाठवलं. निष्कर्ष होता तोच राहिला, फक्त एक माणूस कमी. म्हणजे ताई आत राहिली असती, तरी काही बिघडणार नव्हतं. मुंगीनं नोंद पुरी केली आणि तशीच उठून माझ्याकडे आली.

"बाई, ती असती तर म्हणाली असती, एका चहापायी घराबाहेर काढलंस ना मला?"

सवयीनं मी चहा टाकला होता, तो पुढे ठेवला. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि निवेपर्यंत तसाच धरून बसली.