इंजिनावरचा नंबर

लीना खांबेटे कोलकात्यात जन्मली, बालीगंजमध्ये वाढली आणि सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं: परदेशातून येणाऱ्या मालाचे कस्टम्सचे कागद भरणं. "माझी सही दिसली की साहेब फाईल फारशी चाळत नाहीत," असं ती जेवताना कधीमधी म्हणायची. तेवढाच तिचा अभिमान.

तिचा धाकटा भाऊ केयूर न्यू टाउनमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याची स्वतःची शिडाची बोट होती. दोन वर्षांपूर्वी ती घेऊन तो थायलंडला गेला आणि बोट तिथेच ठेवून विमानाने परतला. यंदा फेब्रुवारीत तो ती परत घेऊन आला, तेव्हा कागद अर्थातच बहिणीकडे आले.

लीनाने त्याला समोर बसवून नियम सांगितला. इथून गेलेली बोट तीन वर्षांच्या आत, तशीच्या तशी परत आली तर आयात कर लागत नाही. तिकडे दुरुस्ती केली असेल, काही नवं बसवलं असेल, तर कर तेवढ्यापुरताच. लपवलं तर मात्र बोट जप्त होऊ शकते.

"काही बदललंयस का?"

"काही नाही, ताई."

तिने तसं लिहिलं आणि सही केली.

तपासणी खिदिरपूरच्या गोदीत झाली. अधिकारी लीनाला वर्षानुवर्षं ओळखणारा. इंजिनाची जागा अरुंद आणि त्याची पाठ धरलेली, तेव्हा तो बंगालीत म्हणाला, "दीदी, नंबर तुम्हीच वाचा, मी लिहून घेतो."

लीना टॉर्च घेऊन आत वाकली. पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर बोट गेली तेव्हाच्या कागदाशी जुळत होता, पण पट्टीचे रिबिट कोरे, चकचकीत होते. तिने टॉर्च खाली नेला. इंजिनाच्या अंगावरच दुसरा नंबर कोरलेला होता. इंजिन नवं होतं. जुन्याची पट्टी काढून त्याला लावली होती.

केयूर मागे शिडीवर उभा होता. हळू आवाजात, मराठीत तो म्हणाला, "ताई, पट्टीवरचाच वाच."

अधिकाऱ्याला मराठी कळत नव्हतं. लीनाने टॉर्च पुन्हा पट्टीवर धरला. मग तिने दोन्ही नंबर वाचले.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "नुसत्या इंजिनाचा कर भरून सुटला असतास. मी सांगितलं होतं ना?"

"तुझी सही असल्यावर कोण बघणार होतं? तूच म्हणायचीस."



बोट जप्त झाली आणि कर, दंड भरल्यावर सहा आठवड्यांनी सुटली. लीनाचं कस्टम्सच्या कामाचं लायसन्स पाच महिने स्थगित राहिलं. चौकशीत तिने लिहून दिलं, "बोट न पाहता मी सही केली. तो माझा भाऊ आहे म्हणून पाहिली नाही." ऑगस्टमध्ये लायसन्स परत मिळालं, पण दोन जुनी गिऱ्हाइकं फिरकली नाहीत.

घरी आईने मात्र तिलाच धारेवर धरलं. "परक्या माणसासमोर भावाला उघडं पाडलंस. एक नंबर गिळला असतास तर काय बिघडलं असतं?"

"आई, त्याने कुणाला फसवलं?"

"सरकारला."

"आणि मला?" असं म्हणून लीना उठून आपल्या खोलीत गेली.

केयूर हल्ली आईला भेटायला येतो तो लीना ऑफिसात असतानाच. संध्याकाळी मोरीतल्या जास्तीच्या कपबशीवरून तिला ते कळतं. ती कपबशी धुऊन ठेवते आणि आईला काही विचारत नाही.