उत्तर वर

"उत्तर वर." लग्नपत्रिकेमागचा रस्ता असो की दवाखान्याचा पत्ता म्हणून कुणी चिठ्ठीवर ओढलेल्या रेघा, सर तो कागद आपल्या हातातून काढून घ्यायचे, फिरवून परत द्यायचे आणि म्हणायचे, "उत्तर वर. नेहमी." मग रस्ता सापडो न सापडो.

भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नोव्हेंबरात नकाशांच्या नव्या तंत्राचा एक दिवस जगभर साजरा करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आमच्यामागे हात धुऊन लागले. दर वर्षी कॉलनीच्या हॉलमध्ये घरचा संगणक मांडायचे. पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं नाशिक, त्यावर रस्त्यांचा थर, त्यावर नाल्यांचा, त्यावर विहिरींचा. "फुकट आहे हो सगळं. नुसतं या." संगणक उचलून नेणारा हमाल मी.

यायचे चार-पाच जण, तेही "आमची गच्ची दाखवा" म्हणत. गच्ची दिसली की चहा पिऊन पसार. एकाने तर गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसतात का, असं विचारलं. मला लोकांचा संताप यायचा आणि सरांचाही, कारण आलेल्या माणसाला आधी कागद कसा धरावा यावरून झापायचे.

सरांना फार नको होतं. कॉलनीतल्या एका तरी माणसाने हे पुरतं शिकावं, एवढंच. एका वर्षी तसं माणूस आलं. बँकेतल्या काकू वही घेऊन शेवटपर्यंत बसल्या. सरांनी छापील नकाशा हातात दिला, तो काकूंनी आडवा फिरवला.

"उत्तर वर," सर म्हणाले.

"वर धरण ना, सर? आपण वर फिरायला जातो म्हणतो, ते धरणाकडेच."

"धरण पश्चिमेला आहे. पश्चिम डावीकडे."

"पण मग नदी वरून खाली येताना दिसत नाही."

सर ओरडले. बरंच ओरडले. काकूंनी वही मिटली आणि पुन्हा आल्या नाहीत.

काही महिन्यांनी मला घरी बोलावून सरांनी स्वतः काढलेला एक मोठा नकाशा दाखवला. धरण वर, गाव खाली, मधून गोदावरी सरळ उतरत आलेली आणि प्रत्येक घर नावानिशी. उत्तर उजवीकडे. "उत्तर नेहमी वर. फक्त हा सोडून," ते खाली बघत म्हणाले. "यंदा काकूंना तुम्हीच बोलवा."

मी बोलावलंही. पण नोव्हेंबर यायच्या आतच सर गेले.

तो नकाशा सरांच्या पत्नीने हॉलसाठी दिला. मी बघायला गेलो, तर कॉलनीच्या चिटणीसांनी तो भिंतीवर आडवा टांगलेला. सगळी अक्षरं कुशीवर निजलेली, नदी डावीकडून उजवीकडे. काकू मान वाकडी करून स्वतःचं घर शोधत होत्या. सापडेना, तशा निघून गेल्या.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"अहो, सर कायम सांगायचे ना," चिटणीस अभिमानाने म्हणाले, "उत्तर वर."

मला भयंकर राग आला. सरांचं एवढं एकच आम्ही शिकलो होतो, आणि ओरडायला सर नव्हते.