एका नावाच्या दोघी

पोरांनो, तुमच्या बाबाने, म्हणजे माझ्या लेकाने, पुण्यातली नोकरी सोडली आणि केजला आपल्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले, तेव्हा गावातले लोक इंटरनेट हा शब्द रॉकेलसारखा वापरत. दारातूनच विचारत, ‘‘आज इंटरनेट आलंय का?’’ आणि नाही म्हटलं की मुकाट्याने परत जात.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेलं, हात रिकामे, आणि घरात कशाचीही जागा चुकलेली मला खपत नसे. तुमच्या बाबाने हे ओळखून मला कामाला लावलं. जिल्ह्यातल्या आपल्या ओळखीच्या व्यापारी घराण्यांची एक वेबसाइट तो करत होता. आडनाव आणि मूळ गाव टाकलं की त्या घरातली माणसं फोटोंसकट पडद्यावर दिसतील, म्हणजे लांब गेलेल्यांना आपली माणसं सापडतील, अशी त्याची कल्पना.

त्यासाठी त्याने मला एक्सएमएल, म्हणजे कॉम्प्युटरला माहिती लिहून द्यायची एक पद्धत, शिकवलं. तुम्हाला ते आता जुनं वाटत असेल, पण मला ते पहिल्या दिवसापासून पटलं. टोकदार कंसात एक शब्द लिहून घर उघडायचं. त्याच्या आत पुरुष, पुरुषाच्या आत पत्नी, पत्नीच्या आत मुलं. मग जे उघडलं ते उलट्या क्रमाने बंद करत बाहेर यायचं. एक कंस उघडा राहिला तरी यंत्र अख्खी फाईल नाकारायचं. इतकी शिस्त मला वर्गात कधी लावता आली नव्हती. ते कंसातले शब्द, म्हणजे टॅग, आपले आपण ठरवायचे असत. नावं मात्र इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत, म्हणून ते काम माझ्याकडे.

एक अडचण होती. बाई दोन घरांत असते. माहेरचे लोक तिची माहिती त्यांच्या फाईलमध्ये देत, सासरचे त्यांच्या. म्हणून तुमच्या बाबाने प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती की नवऱ्याचं नाव आणि तिचं सासरचं नाव दोन्हीकडे जुळलं, तर ती एकच बाई समजायची. एका फाईलमध्ये जे रिकामं असेल ते दुसरीतून भरून घ्यायचं. सोय चांगली होती. तालुक्यातालुक्यांतून फ्लॉप्या येत आणि आमची माणसं आपोआप जुळत जात.

शेजारच्या किराणा दुकानदाराची बायको दुपारी डाळ निवडायला माझ्याकडे येऊन बसायची. पस्तिशीची असेल. तिला या कामाचं भारी कुतूहल.

‘‘बाई, माजं बी नाव घालताव ना?’’

‘‘घालते की. कावून गं, कुणाला दाखवायचंय?’’

‘‘माज्या भावाला. आखातात हाय म्हनत्यात. आमी खेड्यातलं दुकान मोडून हिकडं आलाव, तवापसून तेचं पत्र न्हाई. पत्ताच न्हाई तेच्याकडं. तेनं मला हुडकावं, मी तेला कुटं हुडकू?’’

आईवडील गेल्यावर तिला माहेर म्हणून तो एकच भाऊ उरला होता. त्या दिवसापासून ती रोज एकच विचारायची. आता मी दिसते का? आता तरी दिसते का?

ती दुसरेपणाची होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुकानदाराची पहिली बायको गेवराईकडची, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. आपल्याकडे नव्या सुनेचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात, तुमच्या आईचंही लिहिलं होतं. शेजारणीच्या वेळी तिच्या सासूने पहिलीचंच नाव लिहायला लावलं. गेलेलीला वाटू नये की तिची जागा गेली, म्हणून. गळ्यात पहिलीचा सोन्याचा टाक, म्हणजे तिची मूर्ती उठवलेला लहानसा पत्रा, घातला. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं आणि मग नेसायचं, सणाचा घास आधी त्याला दाखवायचा. आणि माहेरचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. गेलेलीने ते ऐकलं तर ही दुसरीच कुणी आहे हे तिला कळेल, असं सासूने बजावलं होतं. हे सगळं शेजारीण मला डाळ निवडता निवडता सांगायची, भाजीचा भाव सांगावा तसं. सासू जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

तिच्या घराचं पान तयार झालं तेव्हा मी तिला मुद्दाम बोलावलं. ती हातपाय धुऊन, पदर सारखा करून खुर्चीत बसली. त्या काळी फोटो एकदम येत नसे. वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायचा. आधी काळे केस आले. मग भांग.

‘‘माजा भांग मधी न्हाई, बाई,’’ ती हसून म्हणाली. ‘‘तुमच्या मशिनीनं बदलला जनू.’’

मग कपाळ उतरलं. त्यावर कुंकू. आणि मग डोळे आले.

ते डोळे तिचे नव्हते. हळूहळू नाक, ओठ, हनुवटी उतरली. अगदी कोवळी मुलगी, कॅमेऱ्याला घाबरून सरळ बघणारी. खाली शेजारणीचं नाव, त्याखाली तिच्या नवऱ्याचं, मग मृत्यूची तारीख. आणि त्या तारखेनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली शेजारणीची दोन्ही मुलं, त्या मुलीच्या पोटी लावलेली.

शेजारणीचा हात गळ्यातल्या टाकावर गेला होता.

‘‘हीच का ती?’’ तिने विचारलं.

तिने सवतीचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. नवऱ्याने फोटो कुठे ठेवले होते कोण जाणे. इतकी वर्षं जिच्या नावाला ती ओ देत होती, ती आता तिच्याकडे बघत होती आणि पापणी लवत नव्हती. तो नुसता फोटो आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी पडदा बंद केला.

तुमच्या बाबाच्या लगेच लक्षात आलं. गेवराईच्या माहेरच्यांनी लेकीची माहिती पाठवली होती, फोटो आणि मृत्यूच्या तारखेसकट. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या फाईलमध्ये फोटोची आणि तारखेची जागा रिकामी होती. नवरा एक, नाव एक. प्रोग्रामने दोघींची एक बाई केली होती. त्याने त्या पानावरून ती तारीख आणि फोटो काढून टाकला आणि मी शेजारणीला तसं सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी आणखी फ्लॉप्या आल्या, सगळ्या फायली, गेवराईचीही, पुन्हा वाचल्या गेल्या, आणि मधल्या भांगाची ती मुलगी जागेवर हजर. पुन्हा काढली. पुन्हा आली. त्याचं कारण मला पुरतं समजलेलं होतं, तरीही पान उघडताना मी खुर्ची थोडी मागे सरकवायला लागले. शेजारीण तर दारातच थांबायची.

‘‘गेली का?’’

‘‘आलीय परत.’’

‘‘ती न्हाई जायाची, बाई. तिची जागा हाय ती.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘पन माज्या भावानं हे बगितलं तर? मी मेले असंच समजंल ना त्यो?’’

दुकानदार एकदा येऊन पान बघून गेला. मला वाटलं रागावेल. तो पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘लई ल्हान व्हती हो.’’

उपाय एकच होता. दोघींना वेगळं ओळखायला एक नवा टॅग घालायचा, माहेरच्या नावाचा. पहिलीचं तिच्या माहेरच्यांनी कळवलं. दुसरीचं तिचा नवराही तोंडातून काढत नसे, ते तिनेच सांगायला हवं होतं. तुमचा बाबा कीबोर्डवर हात ठेवून बसला.

‘‘सांगा वहिनी.’’

ती माझ्याकडे बघायला लागली.

‘‘अगं, तुझंच नाव ना? सांग की,’’ मी म्हणाले.

‘‘न्हाई, बाई. पोरं हायत घरात. तिनं ऐकलं तर?’’

मी कागद पुढे केला, लिहून दे म्हणाले. तिने तोही परत केला. मग डाळीचं ताट उचलून निघून गेली. तुमचा बाबा वैतागला. म्हणाला, एका शब्दासाठी अडलंय सगळं. मी त्याला गप्प बसवलं. बाहेर लख्ख ऊन होतं, गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आणि तरीही त्या खोलीत, कुणी ऐकत असेल या विचाराने, आम्ही दोघं दबक्या आवाजात बोलत होतो.

फोनची आणि इंटरनेटची तार तेव्हा एकच होती. एकदा दुपारी मी नेट तोडलं आणि लगेच फोन वाजला. आधी नुसती खरखर, मग एका माणसाचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा.

‘‘तुमचा नंबर त्या कॉम्प्युटरवर व्हता. आक्का… आक्का कशानं गेली हो?’’

‘‘ठेवू नका, ठेवू नका,’’ असं ओरडून मी खिडकीतून शेजारणीला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी पळत आली.

‘‘अरे, मी हाय. मीच बोलतेय.’’

पलीकडून तो म्हणाला, ‘‘कोन बोलतंय?’’ तिने फोन कानापासून जरा लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. ‘‘तितं तारीख हाय. फोटू दुसरीचाच हाय. कोन हाईस तू?’’

‘‘अरे, तुजी आक्का.’’

‘‘नाव सांग.’’

तिने सासरचं नाव सांगितलं. ‘‘ते तर मेलेल्या बाईचं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘नाव सांग. न्हाईतर ठिवतो.’’

तिने डोळे मिटले. एका हाताने गळ्यातला टाक मुठीत गच्च धरला, लहान मुलाचे कान झाकावेत तसा. आणि नाव घेतलं. पहिल्यांदा इतकं हळू की मलाही कळलं नाही. मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण साधं, सुंदर, खेड्यातल्या मुलीचं नाव होतं. त्याच वेळी पंखा थांबला आणि दोन्ही पडदे काळे झाले. लाईट त्या सुमारास रोजच जायची. तरी आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

फोनला विजेची गरज नव्हती. पलीकडे तो रडत होता.

लाईट आल्यावर तिने ते नाव तुमच्या बाबालाही सांगितलं आणि मी नवा टॅग उघडून ते लिहिलं. फायली पुन्हा वाचल्या तेव्हा दुकानदाराच्या नावाखाली दोघी वेगवेगळ्या दिसल्या. पहिली तिच्या तारखेसह, एकटी. दुसरी मुलांसह. पहिलीचा फोटो शेजारणीने काढू दिला नाही. म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या. तिला कुटं दुसरा फोटू हाय.’’

भाऊ दिवाळीला आला. उंच, उन्हाने करपलेला, हातात भली मोठी बॅग. शेजारीण आमच्या ओट्यावरच बसली होती, ती धावत रस्त्यात गेली. पण तो चार हात अंतरावर थबकला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

तिच्या ते लक्षात आलं. भर रस्त्यात तिने लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि दोन्ही पाय त्याच्यासमोर आपटले.

‘‘बग, सरळ हायत का न्हाईत? बग नीट, मुडद्या!’’

तो बॅग टाकून त्या पायांवरच पडला.