निनाद वेव्ह झाला

आमच्या मराठी मंडळात कुणाचा वाढदिवस असला की हल्ली केक आणायचं काम मला कोणी सांगत नाही. का, ते ऐकायचंय? मग बसा, चहा ओतते. दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझी फजिती मीच सांगितलेली बरी.

माझा मुलगा निनाद अमेरिकन फुटबॉल खेळतो. हो हो, आपलाच, इथे मिनेसोटात ईडन प्रेरीत वाढलेला, वरणभात खाणारा. हायस्कूलच्या टीममध्ये घेतलं तेव्हा मी विचारलं, "तिथे तू नक्की काय करतोस रे?"

"वाकायचं आणि बॉल पायांच्या मधून मागे फेकायचा."

"आणि मग?"

"मग दुसरा कोणीतरी किक मारतो."

"म्हणजे लोकांनी तुला बघायचं ते असं? पाठमोरं?"

या कामाला म्हणतात लाँग स्नॅपर. निनाद म्हणाला, "आई, माझं नाव कुणी घेतलं नाही तर समज मी मस्त खेळलो. चुकलो तरच अनाउन्सर नाव घेतो." आता सांगा, अशा मुलाचं आईने कौतुक करायचं तरी कसं?

पण पोरगं चिवट. बाहेर ढोपरभर बर्फ, आणि हा गॅरेजमध्ये वाकलेला. समोर आमचे मिलिंदराव, दिवसभर ऑफिसात कोड लिहून आलेले, बॉल झेलायला उकिडवे बसलेले. मिलिंदची बोटं सुजली, गॅरेजच्या दाराला पोचे पडले, पण याचं थांबायचं नाव नाही. कॉलेजच्या टीममध्ये स्कॉलरशिपशिवाय घुसला, पुढे तीही मिळवली. प्रो टीम्स कॉलेजातली पोरं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये मात्र याला कोणी उचललं नाही. टीव्हीसमोर बसून बसून शेवटी केलेला शिरा आम्हीच खाल्ला. त्यानंतर एका लांबच्या टीमचा फोन आला की उन्हाळ्यात कॅम्पला ये, शेवटी बघू ठेवायचं का ते.

तो अख्खा उन्हाळा मी देव पाण्यात घालून बसले होते. लहानपणापासून पोराने एवढी एकच गोष्ट मागितली होती हो.

आणि ऑगस्ट संपता संपता एका दुपारी मेसेज आला. "गॉट वेव्ह्ड. ड्रायव्हिंग होम टुमारो."

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. व्हिसावर आलेल्या बाईला वेव्हर म्हणजे काय वाटणार? आमचा व्हिसाचा इंटरव्ह्यू वेव्ह झाला तेव्हा मी पेढे वाटले होते. बँक लेट फी वेव्ह करते, कॉलेज अर्जाची फी वेव्ह करतं. वेव्ह म्हणजे माफ! मी मिलिंदला फोन केला. "अरे, निनादची शेवटची निवड वेव्ह झाली."

"म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय थेट स्टॅम्पिंग," मिलिंद म्हणाला. "मला माहीतच होतं."

मी निनादला लिहिलं, "सो प्राउड ऑफ यू, बेटा." त्याने नुसतं एक हार्ट पाठवलं. दमला असेल, म्हटलं. आणि उद्या संध्याकाळी घरी यायचं मंडळाला आमंत्रण देऊन टाकलं.

शेजारची लिंडा अंगणात भेटली. तिला सांगितलं, "निनाद गॉट वेव्ह्ड!" तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओह हनी, आय ॲम सो सॉरी." सॉरी कशाला? मी मनात म्हटलं, हिचा मुलगा हायस्कूलनंतर घरीच बसलाय, जळतेय बिचारी. दुसऱ्या दिवशी ती बटाट्याचं गरम हॉटडिश घेऊन आली. मी ते पार्टीच्या टेबलावर मांडलं. इथे कुणाच्या घरी दुःख झालं की हॉटडिश नेतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

केकवर काय लिहायचं ते ऐकून बेकरीतली मुलगी तर थबकलीच. "काँग्रॅच्युलेशन्स निनाद, वेव्ह्ड? आर यू शुअर, मॅम?"

"मोठ्या अक्षरांत," मी ठणकावून सांगितलं.

"वॉव," ती म्हणाली, "युअर फॅमिली इज सो पॉझिटिव्ह."

संध्याकाळी घर भरलं. निनादने दार उघडलं तेव्हा आमच्या मंडळाच्या अध्यक्ष वसुधाताई तबक घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी त्याला ओवाळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कपाळाला कुंकू, खांद्याला बॅग, आणि पोरगं टेबलावरच्या केककडे टक लावून बघतंय.

"मॉम, केकवर वेव्ह्ड का लिहिलंय?"

"मग काय लिहायचं?"

"मॉम. वेव्ह्ड मीन्स दे कट मी. टीममधून काढलं मला."

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. निनाद चपलांच्या बाकावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"रस्ताभर तुझा मेसेज डोक्यात होता, आई. मला वाटलं, माझी आई किती मोठ्या मनाची. काढून टाकलं तरी हिला अभिमान."

"अरे, तो आहेच की," मी म्हटलं. आणि खरंच होता. दाराला पडलेला एकेक पोचा मला माहीत होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "काढलेल्याला आधी बाकीच्या टीम्स उचलू शकतात. दुसऱ्या कोणी घेतलं नाही, सो माझीच टीम परत बोलावतेय. प्रॅक्टिस स्क्वॉडवर."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. वसुधाताई म्हणाल्या, "शुभदा, आधी अर्थ विचार."

मी विचारला, नीट खोदून खोदून विचारला. रोज टीमबरोबर सराव, पगार मिळतो, आणि गरज पडली की मॅचमध्ये. मग टाळ्या वाजल्या, आणि 'वेव्ह्ड' लिहिलेला तुकडा निनादने स्वतः खाल्ला.

नोव्हेंबरमध्ये गरज पडली. आम्ही दोघं विमानाने गेलो. निनाद वाकला, बॉल सरळ रेषेत मागे गेला, किक बसली. माझ्याने राहवेना, मी उभी राहून ओरडले, "निनाऽऽद!" मिलिंद रडत होता, आणि गॅरेजमध्ये सुजलेली बोटं अजून दुखतात म्हणून रडतो म्हणाला.

पुढच्या रांगेतली बाई वळली. लाँग स्नॅपरचं नाव ऐकून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओह हनी, काय चुकलं त्याचं?"

"नथिंग!" मी म्हटलं. उरलेल्या सीझनभर अनाउन्सरने त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, इतका छान खेळला पोरगा.

नाव घेतात ते माझं. मिनेसोटातल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि विचारा, वेव्हवाल्या काकू कोण.