एकेचाळिसावं पान

नेसरीहून निघणारी सकाळची एसटी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. अव्वा माझ्या कपाळाला विभूती लावत होती, ती घाईत माझ्या चष्म्यावरच सांडली. आप्पांनी कंडक्टरला दरडावलं, "पावणं, बॅगा जरा नीट ठेवा, पोरगी जर्मनीला चाललीया," आणि अख्खी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुटली तेव्हा मी पुसल्या न गेलेल्या चष्म्यातून खाली उभ्या आईवडिलांकडे पाहिलं, आणि गडहिंग्लज येईपर्यंत तो पुसला नाही.

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या दोघांनाही मला माझी एक चूक सांगायची आहे. ती अडाणीपणाची असती तर सांगायला सोपी गेली असती. ती फार शिकल्याची आहे.

मी गेले भारतीय तर्कशास्त्रावर डॉक्टरेट करायला, आणि विषय म्हणून घेतली आमच्याच देव्हाऱ्यातली पोथी. कुणी पूर्वज काशीला शिकून आला, येताना त्याने ती स्वतःच्या हाताने लिहून आणली. तांबड्या बासनात बांधलेली सुटी पानं. अव्वा तिला पुराण समजून रोज फूल वाहायची. कॉलेजात संस्कृत शिकल्यावर मी बासन सोडून वरची चार पानं चाळली, तर आत दोन पंडितांचा कडाक्याचा वाद निघाला. आम्ही पिढ्यान् पिढ्या एका भांडणाची पूजा करत होतो! आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय झालं? नीट भांडत्यात न्हवं?"

मी निघण्याच्या आदल्या वर्षी जुन्या पोथ्यांचे फोटो काढणारी मंडळी गडहिंग्लजला आली होती. आप्पांनी त्यांना पोथी दोन दिवस दिली आणि ती इंटरनेटवर गेली. तेव्हा मी कोल्हापुरात होस्टेलवर होते.

कोल्हापुरात मी एका फाटक्या शब्दकोशासाठी ग्रंथालयात नंबर लावायची. त्यातली पानं कुणीतरी परीक्षेच्या वेळी ब्लेडने कापून नेलेली असायची. जर्मनीत एक लॉगिन मिळालं आणि मी बावचळून गेले. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर. एखादी ओळ टाकली की ती आणखी कुठल्या कुठल्या ग्रंथात आली आहे त्याची यादी. अर्ध्या जगातल्या ग्रंथालयांच्या सूची खोलीत बसून, व्हीपीएन लावून, पायजम्यावर बघायच्या. आणि त्यातच आमची पोथी. झूम केलं की अव्वाच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा ताटाएवढा व्हायचा. मी तो उगाचच मोठा करून बघत बसायची.

पोर्टलवर बासष्ट पानांपैकी एकसष्ट पानं होती. चाळिसाव्यानंतर एक करडा चौकोन आणि खाली ओळ: पान ४१ उपलब्ध नाही.

त्या करड्या चौकोनावर मी माझा सगळा प्रबंध उभा केला. चाळिसाव्या पानावर आक्षेप घेणारा पंडित विचारतो, आठवणीला ज्ञान कसं म्हणायचं? घर सोडून गेलेला माणूस सांगतो की माझ्या घराचं दार पूर्वेला आहे, पण मधल्या काळात घर जळालं असेल तर? मग तो जे सांगतो ते काय आहे? याचं उत्तर बेचाळिसाव्या पानावर नाही, तिथे दुसराच विषय सुरू होतो. एक पान गेलंय हे मान्य, पण माझं म्हणणं असं की जिथे आक्षेप संपतो आणि नवा विषय सुरू होतो त्या दोन्ही टोकांची भाषाच दाखवते, मधे उत्तर नव्हतंच. लेखकाने प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. माझ्या गाईड बाई खूश झाल्या. असा संशय जाहीरपणे मांडून गप्प बसणारा तर्कशास्त्री कुणी दाखवला नव्हता. दुसरी प्रत कुठे मिळते का म्हणून मी कुठल्या कुठल्या सूची चाळल्या, अनोळखी ग्रंथपालांना पत्रं लिहिली. शेवटी तळटीप लिहून टाकली: हे पान काळाच्या ओघात नष्ट झाले आहे.

प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर अव्वा देव्हारा पुसत होती. बासनाची जागा मोकळी दिसली. पोथी कुठे गेली विचारलं तर म्हणाली, हातकणंगल्याच्या पावण्यांची वास्तुशांत आहे, पूजेला नेली आहे. तेवढ्यात मला त्या जागी काहीतरी चपटं दिसलं, वर झेंडूचं फूल.

"अव्वा, ते काय आहे?"

"पान हाय की. पोथी बाहीर गेली की एक पान ठेवायचंच. जागा रिकामी ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

"कुठलं पान?"

"तेच ते, कोपरा झिजलेलं. दरसाली तेच ठेवतोय."

"फोटो काढायला नेली होती तेव्हापण?"

"व्हय की. तवाबी ठेवलंतं. कुणी इचारलंच न्हाय."

फोन ठेवल्यावर मला घाम फुटला, तो पान सापडल्यामुळे नव्हे. मला हे माहीत होतं म्हणून फुटला. लहानपणी लग्नकार्याला पोथी जायची तेव्हा आप्पा एक पान काढून बाजूला ठेवायचे, मी शेजारी बसून पाहिलेलं होतं. आठवणीवर मी अडीचशे पानं लिहिली आणि हे साफ विसरले. साऱ्या जगाच्या कॅटलॉगला विचारलं, आणि दर रविवारी फोन करत असलेल्या घराला विचारलं नाही. त्यांना काय कळतंय, असं मला वाटत होतं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

आप्पा म्हणाले, पोथी परत आल्याशिवाय पान जागचं हलवायचं नाही. म्हणजे आठ दिवस. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रबंध तयार होता. महिनाअखेर शिष्यवृत्ती आणि लॉगिन दोन्ही संपत होती. या पानाची खबर जगात तीन माणसांना होती, आणि त्यातल्या दोघांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. आप्पांना नुसतं "राहू दे" म्हटलं असतं तरी झालं असतं. दोनदा मी त्यासाठी फोन उचललाही. तिसऱ्यांदा उचलून हवापाण्याचं बोलले आणि ठेवला.

नवव्या दिवशी फोटो आला. हललेला, कडेला आप्पांचा अंगठा, दोन ओळींवर झेंडूची पाकळी. मी पुन्हा काढायला सांगितला. या वेळी त्यांनी पान दारात उजेडात नेऊन फोटो काढला, अक्षर न् अक्षर दिसत होतं.

उत्तर होतं. चांगलं सात ओळींचं. सिद्धांती, म्हणजे आक्षेपाला उत्तर देणारा पंडित, म्हणतो, आठवण खोटं बोलत नाही, ती फक्त तेव्हाचं सांगते. घर आज कसं आहे हे जाणायचं तर तिकडून येणाऱ्याला विचारावं. येणारा असताना जो विचारत नाही, दोष त्याचा.

मी खुर्चीतून उठले आणि खोलीभर फिरत राहिले. माझा संशयवादी पंडित गेला होता आणि त्याच्याबरोबर माझा प्रबंध. दुसऱ्या दिवशी गाईड बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रकरण नव्याने लिहावं लागेल, आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो परीक्षक मानणार नाहीत. पान पोर्टलवर, इतर पानांच्या रांगेत, सगळ्यांना दिसलं पाहिजे.

आप्पांना वाटलं होतं मी फक्त वाचणार आहे. जगाला दाखवायचं म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"आक्का, एक पान घरात असतंय म्हणून बाकीची परत येत्यात. समदीच गेली तर कशाच्या वढीनं येतील?"

ते पोथीबद्दल बोलत होते. मला रडू आलं ते मी फोन दूर धरून लपवलं. म्हटलं, नको असेल तर नाही लावणार. आणि खरंच, तसं झालं असतं तर मी चार वर्षांच्या कामावर पाणी सोडलं असतं. ते म्हणाले, बघतो. चार दिवस फोन नाही. मी दर तासाला मोबाईल उलटा करून बघत होते.

पाचव्या दिवशी त्यांनीच केला. "लाव. पान गेलं तर गेलं. पर आता घरात राखून ठेवायला माझ्यापाशी काय न्हाय. तवा तू येत जा."

शिष्यवृत्ती संपली, लॉगिन बंद झालं. पुढचे सात महिने फुकट मिळणाऱ्या वेबसाइट आणि आप्पांनी काढलेले फोटो यांच्यावर मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं, एका बेकरीत सकाळची पाळी करत. प्रबंध पास झाला. त्याचा कुठे गाजावाजा झाला नाही, कारण त्यात आता धक्कादायक असं काही नाही. पोर्टलवर करडा चौकोन राहिला नाही. तळटीप मी बदलली: हे पान लेखिकेच्या घरी आहे.

आता मी इथे जर्मनीतच शिकवते आणि वर्षातून एकदा जाते. इथे कुणी घराबद्दल विचारलं तर पूर्वी मी भरभरून सांगायची, अंगण कसं, दारातून शिरल्यावरचा सोपा कसा, देव्हारा कुठे. आता आधी फोन करते. परवाच कळलं की देव्हारा मागच्या खोलीतून काढून सोप्यात आणलाय, अव्वाचे गुडघे दुखतात म्हणून, आणि त्यालाही आता आठ महिने झाले. हे आठ महिने मी रोज सकाळी डोळे मिटून त्या मागच्या खोलीतच हात जोडत होते.