गुरुजींचा संगणक आणि आत्याचे धवले

गुरुजींच्या संगणकावर 'वाय'चं, म्हणजे 'हो'चं, बटण दुसऱ्या कोणी दाबायचं नाही, असा नियम होता. फाइल पुसू का, पुढे जाऊ का, असं काही पडद्यावर विचारलं गेलं की दुरुस्तीला आलेला असलो तरी मी हात मागे घ्यायचा आणि तो प्रश्न मराठीत सांगायचा. गुरुजी तो ऐकायचे, एकदा माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग स्वतः बटण दाबायचे. "आमच्या बापाने न वाचता हो म्हटलं होतं," एवढंच स्पष्टीकरण. त्या एका 'हो'त त्यांची खाडीकडची जमीन गेली होती.

माजिवड्याच्या पलीकडच्या एका आगरी गावात ते राहायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मी तेव्हा डोंबिवलीत एका लहानशा गाळ्यात संगणक जुळवून विकत असे आणि बिघडले की दुरुस्तही करत असे. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मशीन दुकानात आणा, असं मी त्यांना एकदाच सुचवलं. "नेलेली वस्तू तीच परत येते का, ते आम्हाला विचार," असं उत्तर आलं. तेव्हापासून मीच त्यांच्या घरी जायचो. खोक्याचे स्क्रू काढले की गुरुजी ते एका वाटीत घेऊन वाटी मांडीवर धरून बसायचे. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तुला जेवायला वाढलं ना, तरी वाटी मोजून परत घेतील ते." पण तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्ल्याशिवाय मला त्या घरातून कधी निघता आलं नाही, हेही खरं.

माझा चेहरा जन्मापासून अपराध्याचा आहे. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तरी मान माझी खाली जायची. गुरुजींसारख्या माणसासमोर हे फार अडचणीचं होतं. ते मला म्हणाले होते, "खोटं बोलणारी पोरं माझ्या डोळ्यात बघून बोलायची. तू खरं बोलतानाही जमिनीकडे बघतोस. तुझा हिशेबच लागत नाही मला."

संगणक त्यांनी घेतला होता आत्यासाठी. त्यांची आत्या धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवल्यांची गाणी गाऊन विधी पार पाडणारी बाई. लग्नाच्या मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही, हा तिचा नेम. टेपरेकॉर्डर दिसला की ती गप्प बसायची. "आवाज नको नेऊस बाला, सबूद ने," एवढीच तिची परवानगी. म्हणून गुरुजींनी कितीतरी लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात बसून, हाताला लागेल त्या कागदावर ते शब्द उतरवले. त्यातले काही कागद कोणी अभ्यासक बघायला म्हणून घेऊन गेला आणि ते त्याच्या नावाने छापून आले. गुरुजींनी उरलेलं सगळं संगणकावर, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाइप केलं आणि कागद चुलीत घातले. "कागद कोणीही उचलतो. हे धूड कोण उचलेल?" त्यानंतर वर्षभरात आत्या गेली. धवले आता फक्त त्या धुडात होते.

आणि ते धूड सुरू होता होता अडकायला लागलं. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय बदललं? मी तो विचारला. गुरुजी म्हणाले, काहीच नाही. असं म्हणणाऱ्यावरच आमचा पहिला संशय जातो, आणि तो बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. "आता तू माझ्यावर संशय घेतोस?" ते म्हणाले. मग म्हणाले, "शिकलास."

विंडोज नव्याने टाकण्यावाचून इलाज नव्हता. मी धवल्यांच्या सगळ्या फायली फ्लॉप्यांवर काढल्या, त्या उघडतात हे त्यांना दाखवलं. डिस्क पुसण्याचा प्रश्न आला तेव्हा तो शब्दन् शब्द मराठीत सांगितला. त्यांनी बटण दाबलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. दुपारपर्यंत सगळं पार पडलं. मी पहिला धवला उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, तिरप्या रेघा, कंस आणि आकडे यांची खिचडी होती.

काय झालं ते मला लगेच कळलं. त्या काळी मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मुखवटा असायचा. तो मुखवटा, म्हणजे फॉन्ट, जुन्या सिस्टिमबरोबर पुसला गेला होता. मी मजकूर सांभाळला आणि मुखवट्याचा विचारच केला नाही.

"हे काय घातलंस?" गुरुजींनी विचारलं.

"फॉन्ट गेलाय गुरुजी. मजकूर सगळा आहे."

"अक्षरं नाहीत आणि मजकूर आहे?"

"आहे ना. शंभर टक्के आहे."

वाटी खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला माहीत नसलं की तू जोरात बोलतोस."

ते खरं होतं. तोच फॉन्ट मिळेल का, मिळाला तरी अक्षरं जागच्या जागी बसतील का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली आणि ते त्या खिचडीवर बोट ठेवून ओळीमागून ओळ बघायला लागले, जशी एखाद्या पोराची वही तपासावी. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट ओळींच्या शेवटाशी थांबू लागलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच चार-पाच चिन्हं येत होती. ते गुणगुणायला लागले. खिचडीवरून बोट फिरत होतं आणि धृपद आलं की बरोबर त्या चिन्हांवर टेकत होतं. काकू चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आहे ती यात," गुरुजी म्हणाले. "पण तोंड बांधलंय तिचं. सोडव."

त्यांना तो फॉन्ट ज्याने दिला होता, त्याचा विठ्ठलवाडीचा छापखाना बंद पडला होता. मी कल्याणमध्ये टायपिंग करून देणाऱ्यांची दुकानं पालथी घातली. त्याच नावाचा फॉन्ट प्रत्येकाकडे होता आणि प्रत्येकाचा वेगळा. लावून बघावा, तर एका खिचडीची दुसरी खिचडी व्हायची. दर वेळी रिकाम्या हाताने माजिवड्याला जायचं आणि गुरुजींनी माझ्या पिशवीकडे बघायचं, असं कितीतरी दिवस चाललं. मला जेवण जाईना. शेवटी ठाकुर्लीत घरी प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या एका बाईंकडे तोच फॉन्ट निघाला. नक्की तोच का, असं गुरुजींनी विचारल्यावर या वेळी मी म्हटलं, लावल्याशिवाय सांगता येणार नाही.

लावला. अक्षरं उमटली. गुरुजींना आनंद झाला असेल, पण त्यांनी आधी तपासायला घेतलं. पहिल्या धवल्यापासून ते पुटपुटत वाचत गेले, मी बाजूला घाम पुसत बसलो. हळदीच्या धवल्यात ते थांबले.

"ही ओळ आत्याची नाही."

मी काही हलवलेलं नाही, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"तू नाही. मी घातली. मांडवात गलका होता, मला ऐकू आली नाही. तिला विचारायला लाज वाटली. मग ती गेली." ते पडद्याकडेच बघत होते. "त्या कागद नेणाऱ्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्याने नाव तरी स्वतःचं लावलं. मी माझी ओळ तिच्या नावावर खपवली."

इतकी छान बसली आहे, राहू द्या, कोणाला कळणार आहे, असं मी म्हणालो. "मला," ते म्हणाले, आणि त्यांनी ती ओळ पुसली. जागा मात्र तशीच रिकामी ठेवायला लावली. पुढे तसेच कागद छापून त्यांनी गावातल्या बायांना वाटले.

दोन-तीन वर्षांनी गुरुजी गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूंनी मला त्यांच्या नातीच्या हळदीला बोलावलं. बाया कागद हातात धरून धवला म्हणत होत्या. ती रिकामी जागा आली आणि त्या अडखळल्या. तेवढ्यात खाडीपलीकडच्या गावाहून आलेल्या एका म्हातारीने, जिच्या हातात कागदही नव्हता, एक ओळ म्हटली आणि बायांना पुढच्या ओळीवर आणून सोडलं. कोणी वळूनही बघितलं नाही. हळद लागत राहिली.

ती ओळ आत्याची होती, की म्हातारीने तिथल्या तिथे घातली, मला माहीत नाही. तिच्याजवळ जाऊन विचारावं, असं फार वाटलं. पण नव्या नवरीभोवतीच्या त्या घोळक्यात मी, परका पुरुष, जमिनीकडे बघत उभा राहिलो. गुरुजी असते तर तिथेच धवला थांबवून, म्हातारीसमोर खुर्ची ओढून बसले असते.